दीड मैलावरचा परदेश

साहेब, गुन्हा तुमचा आहे. खुर्ची तुमची, सही तुमची, गोल शिक्का तुमचा. तेव्हा मागे वळून दुसऱ्या कुणाला शोधू नका, मागे फक्त भिंत आहे आणि तिच्यावर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. एका धडधाकट प्राथमिक शिक्षकाला तुम्ही सायकलवरून जाता येईल अशा परदेशात पाठवलंत आणि मग परत घ्यायला नाही म्हणालात. तो माणूस आजही बोईसरच्या चाळीत राहतो, सकाळी नळावर रांग लावतो, बायकोने सांगितलेली भाजी विसरून दुसरीच आणतो, आणि तुमच्या कागदावर मात्र तो समुद्रापलीकडे आहे. तुमचं नाव मी घेत नाही. तुमच्या कचेरीतही ते कुणी घेत नाही. सगळे नुसतं छताकडे बोट दाखवून 'वरून आलंय' म्हणतात.

तर ऐका. ऐकायची सवय नसेल, लावून घ्या.

नरहरी गुरुजी मूळचे बार्शीकडचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी, खाजणपाड्याच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी, आणि पाहून म्हणाले, "एवढं पाणी, आणि पिता येत नाही!" खाजणपाडा म्हणजे तारापूरच्या वाटेवर, खाडीच्या तोंडाशी बसलेला कोळ्यांचा पाडा. तिथली शाळा म्हणजे एक खोली, चार इयत्ता, एकेचाळीस मुलं आणि एक गुरुजी. तीन भिंतींना तीन इयत्ता बसत, आणि चौथी दारात बसे, कारण चौथीत सहाच मुलं होती आणि हुशार मुलांना वारा लागावा असं गुरुजींचं मत होतं.

त्या दारातल्या चौथीत सुलू होती. मासळीवाल्या येसूबाईची नात, नवशाची मुलगी. ही पोर अशी की गुरुजी फळ्यावर गणित उतरवत असतानाच उत्तर सांगून मोकळी होई, आणि उरलेलं गणित गुरुजींना निव्वळ अब्रूखातर पुरं करावं लागे. हिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं हे त्यांनी ती दुसरीत असतानाच ठरवलं होतं. खाजणपाड्यातून त्या परीक्षेला आजवर कुणी बसलेलं नव्हतं. सुलूला शिष्यवृत्ती मिळाली तर ती पालघरच्या हायस्कुलात जाणार होती; नाही मिळाली तर पुढच्या पावसाळ्यानंतर आजीबरोबर बोंबील वाळत घालणार होती. नवशाने तसं स्पष्टच सांगितलं होतं. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याला तीन मुली होत्या.

एवढं लक्षात ठेवा, साहेब. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल. विसरण्यात तुमचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही.

गेल्या वर्षीची, सहासष्ट सालची गोष्ट. शाळेपासून दीड मैलावर समुद्रकाठी विजेचं मोठं घर बांधणं चाललं होतं. त्यासाठी गोरे इंजिनियर आले, त्यांच्या बायका आल्या, मुलं आली, मुलांसाठी वसाहतीत शाळा आली आणि सगळ्याभोवती तारेचं कुंपण आलं. त्या शाळेत तेरा मुलं. एवढ्या लांब आलेल्या मुलांना इथलं काहीतरी कळावं म्हणून 'भारतीय जीवन' हा विषय शिकवायला एक भारतीय माणूस द्या, असं त्यांनी कळवलं. मागणी वाजवी होती. कचेरीने नकाशावर पाहिलं, सगळ्यात जवळची शाळा खाजणपाड्याची निघाली, आणि तिथला शिक्षक उचलला. तिथे एकच शिक्षक आहे, हे नकाशावर दिसत नाही.

हुकूम आला ऑगस्टच्या शेवटी. एका वर्षासाठी परदेशी नेमणूक. गुरुजी आगगाडीने पालघरला कचेरीत गेले. तिथले कारकून कमलाकांत हे केळव्याचे, स्वभावाने गोड आणि कामाने पानवेलीसारखे, म्हणजे आधार मिळेल तिकडे वळणारे.

"कमलाकांतराव, हे परदेश काय म्हणून? माझ्या शाळेच्या ओट्यावरून त्यांची पाण्याची टाकी दिसते."

"गुरुजी, दिसत असेल," कमलाकांत म्हणाले. "पण कचेरीत फायली दोनच. एक तालुक्यातल्या बदल्यांची, एक परदेशगमनाची. ती शाळा तालुक्याच्या यादीत नाही. मग मी कागद लावू कुठे? खिशात?"

"पण अंतर..."

"अंतराचा रकानाच नाही."

"आणि माझी मुलं?"

"बदली शिक्षक लवकरच येईल," कमलाकांत म्हणाले. त्या 'लवकरच'ला पुढे दाढीमिशा फुटल्या, पण तो आला नाही. शाळेला कुलूप लागलं आणि किल्ली सुरक्षिततेसाठी पालघरला गेली.

खरं सांगायचं तर गुरुजी थोडे फुगलेही होते. परदेशी नेमणूक म्हणजे काय थट्टा आहे? चाळीत बातमी पसरायला त्यांनीच दोन वेळा मोठ्याने हुकूम वाचला. शेजारच्या माई लगेच म्हणाल्या, "थंडी असते हो तिकडे. छातीला जपा." पलीकडचे भगवंतराव साताऱ्याचे, त्याच प्रकल्पावर गोदामात कामाला. त्यांनी तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं, "गुरुजी, गोरा माणूस आधी कोट बघतो, मग तोंड बघतो. गरम कोट शिवा."

"अहो, तुम्ही रोज तिथंच जाता," गुरुजींच्या पत्नी विजयाबाई म्हणाल्या, "तुमचा बघतो का कुणी कोट?"

"वहिनी, मी गोदामात. हे परदेशात," भगवंतराव म्हणाले, आणि कोट शिवायचं ठरलं.

पालघरच्या शिंप्याने आयुष्यात लोकरीचा कोट शिवला नव्हता, पण तसं कबूल करणारा शिंपी अजून जन्मायचा आहे. कोट झाला. त्याचे खांदे गुरुजींचे नव्हते, आणि डावी बाही उजवीपेक्षा जरा जास्त नम्र होती. सप्टेंबरच्या उकाड्यात तो कोट घालून गुरुजी सायकलवर बसले तेव्हा माईंनी काजळाचा टिळा लावला. गरज नव्हती. त्या कोटाकडे वाकडा डोळा करायची दृष्टीचीच हिंमत झाली नसती.

वाटेत खाजणपाडा लागतो. तिथे अख्खा पाडा रस्त्यावर उभा. नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, घरोघरी नारळ शिल्लक होते. येसूबाई पुढे झाली.

"गुरुजी, तुमी परदेसाला चाललं नि आमाला पत्ताच नाय? आमचा मानूस लांबच्या पान्यावर जातं तवा आमी दर्याला नारल देताव. तुमाला तसंच धाडू काय?"

"येसूबाई, मी इथंच चाललोय. ती टाकी दिसते ना..."

"ती काय बी दिसू दे. कागदावर परदेस लिवलंय ना? सरकार काय खोटा लिवंल?"

दर्याला नारळ दिला. गुरुजींच्या सायकलच्या दांड्याला हळदकुंकू लावलं. आणि एक गोष्ट अशी की, अशा रीतीने धाडलेल्या माणसाला तो परत येईपर्यंत मागून हाक मारायची नाही, अपशकुन होतो. पाडा हे मनापासून पाळतो. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून गुरुजी सकाळ-संध्याकाळ शाळेवरून सायकलने जात, आणि त्यांच्याच ओळखीची माणसं तोंड फिरवून समुद्राकडे बघत उभी राहत. मुलं तोंडावर हात धरून खिदळत. एकदा गुरुजींची साखळी निसटली. चार कोळी येऊन एक अक्षर न बोलता ती बसवून गेले, जणू मयताला खांदा देत होते.

तिकडे परदेशात वेगळंच. फाटकावरचा पहारेकरी रोजचा ओळखीचा, तरी रोज म्हणे, "मास्टरजी, पास दिखाओ." पासावर तीन सह्या होत्या, त्यातली एक पुसट. "ये वाला साहब कौन है?" गुरुजींनाही ठाऊक नव्हतं.

आत सगळे गोरे अर्ध्या चड्डीत, शर्टाची बटणं उघडी, आणि मधे लोकरी कोटातले नरहरी गुरुजी. मुख्याध्यापिका मिसेस हार्पर उंच, हाडकुळ्या, हसऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आपल्याला बरं नाही का?" गुरुजींनी सातवीच्या इंग्रजीत उत्तर दिलं की मी उत्तम आहे, फक्त ओला आहे. दुसऱ्या दिवशी कोट खुंटीवर गेला.

खाजणपाड्याचं वर्ष जूनमध्येच सुरू झालं होतं. इथलं वर्ष सप्टेंबरात सुरू झालं. पुढे जानेवारीत आणखी एक होणार होतं, आणि विजयाबाईंचं गुढीपाडव्याला. अशी चार नवी वर्षं एकाच माणसाच्या अंगावर कोसळली तर त्याने संकल्प तरी किती करायचे? त्यात कामाचा तडाखा. 'भारतीय जीवन' हा विषय आठवड्यातून तीन तास, असं हुकुमात होतं. पण तीन तास शिकवून माणूस बाकीचा वेळ करतो काय, या काळजीने त्यांना चित्रकला दिली, मग बागकाम, मग शनिवारी सुट्टी म्हणून शुक्रवारी दुप्पट काम, आणि शेवटी दांडू-चेंडूच्या त्यांच्या एका खेळात पंच. तो खेळ गुरुजींना शेवटपर्यंत कळला नाही. जो जास्त ओरडेल त्याच्या विरुद्ध निकाल द्यायचा, असा नियम त्यांनी मनाशी केला आणि फार न्यायी म्हणून नाव मिळवलं.

मुलं मात्र गुरुजींना भारी पडली. छडी नाही. मुलं बसल्या जागेवरून 'का?' विचारत. गुरुजींनी राजे सांगितले, मुलं म्हणाली, का लढले? गुरुजींनी सण सांगितले, मुलं म्हणाली, का? एकाने विचारलं, "तुमचा हत्ती कुठे बांधता?" गुरुजी म्हणाले, सायकल आहे. तेरा मुलांचा विश्वास उडाला तो तेव्हा.

आणि रोज चार वाजता परत येताना कुलूपबंद शाळेच्या ओट्यावर सुलू बसलेली दिसे. मागून हाक मारायची नाही म्हणून ती समोर येऊन उभी राही, पाटी पुढे धरून. बोलणं नाही. पाटीवर गणित, खाली उत्तर. गुरुजी सायकलवरून न उतरताच खूण करत, नवीन गणित लिहीत, जात. तिसऱ्या दिवशी सहाही जण पाट्या घेऊन उभे. आठव्या दिवशी गुरुजी उतरले आणि ओट्यासमोरच्या डेरेदार भेंडीच्या झाडाखाली तासभर चौथीचा वर्ग चालू झाला.

साहेब, तेवढ्यात तुमची तपासणी कुठून उगवली कोण जाणे. एरवी नऊ वर्षांत दोनदा आलात. पंधरा दिवसांनी गुरुजींना लेखी विचारणा आली: 'आपण परदेशी नेमणुकीवर असताना परवानगीशिवाय स्वदेशात आढळून आलात. खुलासा करावा.' गुरुजींनी खुलासा लिहिला की माझं घर इथेच आहे. त्यावर शेरा आला: 'खुलासा असमाधानकारक. घर असणे हे हजर असण्याचे कारण नव्हे.'

आता बोंबलांचं.

नोव्हेंबर लागला. पाड्यावर बांबूच्या मांडवांवर दोऱ्या ताणल्या गेल्या. ओला बोंबील वाळवायची रीत अशी की एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची, एक अलीकडे, एक पलीकडे. खिळा नको, गाठ नको. गुरुजींना वाटलं, हे दाखवलं तर 'का?' विचारणारी मुलं गप्प बसतील. मिसेस हार्परना कल्पना आवडली. पासाला चौथी सही मिळाली आणि येसूबाई दोन टोपल्या घेऊन परदेशात गेली.

गुरुजी समोरून भेटल्यामुळे तिला बोलायला हरकत नव्हती. "गुरुजी, ह्यो तुमचा परदेस? आमच्या नवशाचा बाप हितं म्हाव्रं पकडायचा."

वर्गात तिने एक जोडी अडकवून दाखवली. मुलं पाहतच राहिली. कुणी 'का?' विचारलं नाही. सगळी 'मी, मी' म्हणाली. हत्तीवाला पोरगा बोंबलाचे दात दोनदा बोटाला लागूनही हटेना. येसूबाई खूश. "ह्या पोरांना अक्कल हाय. गोरी हायत, पन शिकतील." दोन टोपल्या अर्ध्या तासात संपल्या. मग प्रश्न आला, टांगायचे कुठे?

वसाहतीत प्रत्येक घरामागे कपडे वाळवायच्या दोऱ्या होत्या. नायलॉनच्या, लांबलचक, सरळ. मुलांना त्या दोऱ्या वर्षभर नुसत्या वाया जाताना दिसत होत्या. गुरुजी खेळाचं पंचकाम करायला गेले आणि तेवढ्यात तेरा मुलांनी बावीस घरांच्या मागे, चादरी आणि झग्यांच्या मधल्या जागा साधून, एकूण एक बोंबील लावून टाकला. काम इतकं व्यवस्थित की येसूबाईने फिरून पाहिलं आणि दोनच जोड्या सुधारल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं.

दहाच्या सुमाराला आधी कावळे आले, मग घारी, मग तारापुरातली सगळी मांजरं कुंपणाखालून. मग वास निघाला. तुम्हाआम्हाला तो जेवणाचा वास. पण ज्यांना माहीत नाही त्यांनी काय समजावं? सुरक्षा अधिकारी नवा होता, कर्तबगार होता, आणि भोंगा वाजवायची संधी त्याला अजून मिळाली नव्हती. कुठलातरी वायू सुटला म्हणून त्याने भोंगा दाबला. वसाहतीतल्या बायका नाकाला रुमाल लावून मैदानात. तो भोंगा ऐकून बांधकामावरचे दोन हजार मजूर हत्यारं टाकून रस्त्यावर. "भागो, फट गया!" असं एक जण ओरडला. काय फुटलं हे त्याला माहीत नव्हतं, पण तो थेट उमरोळीच्या दिशेने पळाला आणि बाकीचे त्याच्या मागे. भगवंतराव गोदामाला कुलूप लावून त्यातच राहिले, बाहेरून कुलूप आणि आत भगवंतराव, हे त्यांनी कसं जमवलं ते आजवर कळलेलं नाही.

वासाचा उगम शोधायला समिती बसली. तीन तासांनी एका गोऱ्या साहेबाने आपल्या पांढऱ्या शर्टाशेजारी लटकलेली जोडी पाहिली. अहवालात कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: नरहरी.

मिसेस हार्पर मात्र शेवटपर्यंत त्यांच्या बाजूने बोलल्या. त्या म्हणाल्या की तीन महिन्यांत ही मुलं एवढी एकच गोष्ट नीट शिकली. पण वसाहतीने आभारपत्र दिलं, आणि आभारपत्र म्हणजे काय ते कळण्याइतके गुरुजी शहाणे होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते परत निघाले.

खाजणपाड्याने त्यांना परत कसं घेतलं सांगतो. येसूबाई रस्त्यावर आली, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी ओतलं आणि म्हणाली, "आलं गुरुजी." झालं. तीन महिने तोंड फिरवणारा पाडा एकदम बोलू लागला. तीन महिन्यांच्या हाका साठल्या होत्या त्या सगळ्या त्याच संध्याकाळी मारून घेतल्या.

आता तुमच्या कचेरीने कसं घेतलं तेही सांगतो. गुरुजी सुलूचा शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन पालघरला गेले. मुदत दोन दिवसांची उरली होती. अर्जावर शिक्षकाची सही लागते. सही केलेली होती.

कमलाकांतांनी अर्ज पाहिला, गुरुजींकडे पाहिलं, आणि चेहरा पाडला. "गुरुजी, ही सही चालणार नाही. तुम्ही परदेशात आहात."

"मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"ते मला दिसतं हो. फायलीला दिसत नाही. परत आल्याचा पुरावा लागतो. बोटीचं नाही तर विमानाचं तिकीट."

"मी सायकलने आलो!"

"सायकलची पावती आहे?"

गुरुजींनी कचेरीत पहिल्यांदाच आवाज चढवला. "अहो, पोरगी हुशार आहे! तिचं वर्ष जाईल. वर्ष काय, ती पोरगीच जाईल!"

कमलाकांतांनी डोळे खाली घातले. गोड माणूस. त्यांनी पुटपुटत वाट दाखवली. "इथे राहणाऱ्या कुठल्याही मुख्याध्यापकाची सही चालते. तालुक्यात राहत असल्याची नोंद हवी, बस्स."

गुरुजी बोईसरला उतरले, सायकल काढली, पुन्हा परदेशात गेले. पहारेकऱ्याने पास मागितला, गुरुजींनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो म्हणाला, "जाइए, जाइए." मिसेस हार्परची नोंद होती. परदेशी नागरिकांना इथे राहायचं तर नोंद करावीच लागते. त्यांच्या नोंदीला तर तुमचाच गोल शिक्का होता. म्हणजे नऊ वर्षं इथे शिकवणारा बार्शीचा माणूस परदेशात, आणि सातासमुद्रापलीकडून आलेली बाई तालुक्याची रहिवासी. बाईंनी अर्ज पुरा वाचून घेतला, सुलू कोण ते विचारलं आणि सही केली. अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल झाला. कमलाकांतांनी शिक्का इतक्या जोरात मारला की दौत कलंडली.

पुढचे तीन महिने भेंडीच्या झाडाखाली वर्ग चालला. विचारणा येत राहिल्या; गुरुजींनी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं लिहून सुलूकडून सोडवून घेतली. परीक्षेच्या दिवशी नवशाने मजुरी बुडवली, लेकीला स्वतः पालघरला घेऊन गेला, आणि फाटकाबाहेर सुपारी न खाता तीन तास उभा राहिला.

सुलू तालुक्यात तिसरी आली.

तारापूरपासून शिरगावपर्यंतच्या किनाऱ्यावर त्या दिवशी जो ओरडा झाला तो तुमच्या कानी आला नसेल, तुमची खिडकी बंद असते. पण आठ दिवसांनी तुमचं पत्र मात्र आलं. ते गुरुजींनी मला, चाळीतल्या शेजाऱ्याला, दाखवलं, मी उतरवून घेतलं आहे: 'अर्जावरील सहीवरून सदर विद्यार्थिनी परदेशी शाळेची असल्याचे दिसते. शिष्यवृत्ती फक्त देशातील शाळांच्या विद्यार्थ्यांस देय असल्याने रोखण्यात येत आहे.'

पत्र पाड्यावर वाचून दाखवलं. सुलूने ते हातात घेतलं, परत एकदा वाचलं, आणि विचारलं. हे तेरा गोऱ्या मुलांकडून नाही शिकली ती, हे तिचंच: "का?"

येसूबाई म्हणाली, "आमी भाकरतुकडा टाकून मानूस घरात घेताव. यांचा तुकडा केवढा लागतो ता तरी इचारा."

म्हणून विचारतो आहे. हायस्कूल जूनला उघडतं. नवशाने तोपर्यंत थांबायचं कबूल केलंय. त्यापुढे बोंबील थांबत नाहीत. शाळेची किल्ली तुमच्या कपाटात आहे, गुरुजींचा देश तुमच्या फायलीत आहे, सुलूची शिष्यवृत्ती तुमच्या शेऱ्याखाली आहे. 'लवकरच' नको. 'वरून' नको. खाली सही करून, तारीख घालून, सरळ लिहून द्या, साहेब: खाजणपाडा कुठल्या देशात येतो?